नवीन लॅपटॉप घेताना : विंडोज की लिनक्स, एसएसडी की हार्ड डिस्क?

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीचे होते, नवीन लॅपटॉपमध्ये कुठली ऑपरेटिंग सिस्टिम घ्यायची (विंडोज की फुकट मिळणारी लिनक्स) आणि आत डेटा साठवायला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क हवी की चिपवाली एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून हे प्रश्न वाढलेच आहेत. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून पाच जणांचे प्रश्न घेतलेत, कारण पाचही जणांचं काम वेगळं आहे आणि मला कळकळीने हेच सांगायचंय की उत्तर कामावरून ठरतं. ज्या एका सॉफ्टवेअरशिवाय तुमचं पान हलत नाही ते कशावर चालतं हे आधी बघा, ऑपरेटिंग सिस्टिम तिथेच ठरून जाते.

प्रश्न : गिरगावात माझं डीटीपीचं छोटं काम आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, आणि पावसाळा सुरू झाला की दोन दिवाळी अंकांची पानं लावायची. आतापर्यंत डेस्कटॉपवर भागलं, पण करेक्शनसाठी संपादकांच्या घरी जावं लागतं म्हणून लॅपटॉप घ्यायचाय. लॅमिंग्टन रोडला दुकानदाराने दोन दाखवले, एकात १ टीबी हार्ड डिस्क, दुसऱ्यात ५१२ जीबी एसएसडी आणि तो महाग. वर म्हणाला डॉसवाला घ्या, विंडोजचे पैसे वाचतील, विंडोज मी टाकून देतो. माझा जुना डेटाच ७०० जीबी आहे. काय करू? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : दादा, हार्ड डिस्कवाला घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळाला तरी. आज नव्या लॅपटॉपमध्ये नुसती हार्ड डिस्क म्हणजे बहुतेक पडून राहिलेला जुना माल असतो. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला साधारण ५४०० वेळा फिरते आणि एक बारीक हेड तिच्यावर इकडून तिकडे सरकत डेटा वाचतं, सलग एकच मोठी फाइल असेल तर सेकंदाला शंभरेक एमबी मिळून जातात, पण बारीक बारीक फाइली विखुरलेल्या असल्या की हेडचा सगळा वेळ धावण्यातच जातो, सेकंदाला शंभरेक ठिकाणं गाठली की झालं. तुमचं काम तर सगळं याच प्रकारचं. शे-दोनशे फाँट, प्रत्येक पानावर लिंक केलेले फोटो, जाहिरातींच्या वेगळ्या फाइली, आणि विंडोजचं स्वतःचं मागे काहीतरी चालू असतंच. एसएसडीत फिरणारं काही नाही, नुसत्या चिप, त्यामुळे असली हजारो वाचनं ती एका सेकंदात उरकते. संपादक शेजारी बसलेत, पूर्ण अंकाची फाइल उघडायचीय आणि डिस्क खर्र खर्र करत बसलीय, हे तुम्ही डेस्कटॉपवर भोगलं असेलच.

शिवाय तुम्ही मशीन घेऊन फिरणार. चर्नी रोडला गाडी पकडताना बॅग चार जणांना घासून आत जाते, आणि घाईत आपण लॅपटॉप बंद न करता झाकण नुसतं खाली केलेलं असतं, कधी कधी मशीन आत चालूच राहतं. फिरत्या तबकडीला धक्का बसून हेड टेकलं की तिथला डेटा गेला. एसएसडीला ही भीती नाही.

आता ७०० जीबीचं. घरी नेल्यावर ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ दिसेल, फसवलं असं समजू नका, कंपनी १००० ने मोजते आणि विंडोज १०२४ ने. त्यातले ३०-४० जीबी विंडोज खाणार आणि १५-२० टक्के मोकळे ठेवायचे, म्हणजे हातात राहिले साधारण साडेतीनशे. पण २०१४ च्या लग्नपत्रिका रोज थोड्याच उघडतो आपण? या वर्षीचं आणि गेल्या वर्षीचं काम लॅपटॉपवर ठेवा, बाकीचं सगळं बाहेरच्या यूएसबी हार्ड डिस्कवर. हो, इथे हार्ड डिस्कच घ्या. जीबीमागे स्वस्त पडते, आणि कपाटात ठेवायला तीच बरी. एसएसडीचा डेटा चिपमधल्या इलेक्ट्रिक चार्जवर टिकतो आणि वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिली तर तो चार्ज ओसरू शकतो. याचं इंडस्ट्री स्टँडर्ड असं आहे की लिहून लिहून पूर्ण झिजलेल्या साध्या एसएसडीने बंद अवस्थेत ३० डिग्रीला एक वर्ष डेटा धरून ठेवला म्हणजे पास. नवी एसएसडी याच्यापेक्षा बरीच जास्त टिकते, पण मे महिन्यात गिरगावातल्या बंद कपाटात ३० डिग्री म्हणजे काहीच नाही, तेव्हा वर्षानुवर्षांचा साठा तिच्यावर सोडू नका.

आणि बाहेरच्या हार्ड डिस्क दोन घ्या, एक घरी आणि एक दुसऱ्या पत्त्यावर. हे मी हात जोडून सांगतोय कारण मी स्वतः यात पोळलोय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहायचो आणि कॉम्प्युटरचा कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला. मी बॅकअप घेत होतो, रीतसर, दर रविवारी, पण दुसरी डिस्क त्याच कॅबिनेटमध्ये बसवलेली. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर कॅबिनेट उचलला तर खालच्या भोकातून गढूळ पाणी गळत होतं, दोन्ही डिस्क त्याच पाण्यात. वडिलांनी आठ महिने खपून टाइप केलेलं सगळं दोन्हीकडे होतं आणि दोन्हीकडचं गेलं. त्या दिवसापासून दोन प्रती एका छताखाली ठेवल्या की मी ती एकच प्रत मोजतो.

डॉसवाल्याचं बोलू. डॉसवाला म्हणजे आत फ्रीडॉस नावाची नावापुरती सिस्टिम असते, मशीन चालू होतं एवढंच. त्यावर लिनक्स टाकणारा माणूस असेल तर तो चांगला सौदा आहे, पण तुमचं काम विंडोजचं आहे आणि ‘टाकून देतो’ म्हणजे नव्वद टक्के वेळा क्रॅक केलेलं. तो ॲक्टिव्हेटर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, त्याच्याबरोबर आत काय शिरलं हे तुम्हाला कळणारही नाही, आणि त्याच मशीनवर लोकांचे फोटो, पत्ते, आधारच्या कॉप्या येणार. कंपनीतून विंडोज घालून आलेला लॅपटॉप घ्या. त्याची लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते, त्यामुळे उद्या एसएसडी बदलली तरी तीच एडिशन परत टाकली की आपोआप ॲक्टिव्हेट होते, पुन्हा पैसे नाहीत.

पैसे देण्याआधी दुकानात तीन गोष्टी विचारा. एसएसडी सोल्डर केलेली आहे की काढता येते? एम डॉट टू चा, म्हणजे एसएसडी बसवायचा, दुसरा रिकामा स्लॉट आहे का आणि त्यात २२८० साइजची, म्हणजे ८० मिलिमीटर लांबीची बसते का? बसत असेल तर ५१२ घेऊन निश्चिंत राहा, पुढे दुसरी लावता येईल, नसेल तर ताणून का होईना आत्ताच १ टीबी एसएसडीचा घ्या. तिसरी गोष्ट तुमच्या धंद्यातली खास. मराठी फाँटच्या पॅकेजला डोंगल (यूएसबीत लावायची चावी) असेल तर तो आणि जुनी दोन-तीन पानं पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तिथेच उघडून बघा. अडोबीने जानेवारी २०२३ पासून टाइप १ या जुन्या पद्धतीच्या फाँटचा सपोर्ट काढलाय, तेव्हा तुमच्या जुन्या पानांत तसले फाँट असतील तर नव्या इनडिझाइनमध्ये ते दिसणारच नाहीत आणि जुना मजकूर युनिकोड नसल्यामुळे फाँट बदलून भागतही नाही. दिवाळी अंकाच्या ऐन घाईत हे कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. जुना डेस्कटॉप विकू नका, निदान एक वर्ष तरी.

जाहिरातीतल्या स्पीडच्या मागे मात्र लागू नका. साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते, एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) जेन ३ साडेतीन हजारच्या आसपास, जेन ४ सात हजारपर्यंत. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलात की फरक डोळ्यांना दिसतो, जेन ३ वरून जेन ४ वर पान लावताना काही दिसत नाही. ते पैसे रॅमला द्या, १६ जीबी.

प्रश्न : मुलीच्या ऑनलाइन क्लाससाठी सेलमध्ये एक लॅपटॉप एकदम कमी किमतीत दिसतोय, ६४ जीबी ईएमएमसी आणि विंडोज ११ आहे. घेऊ का? (एक आई, भांडुप)

उत्तर : नको ताई. विंडोज ११ ला कमीत कमी ६४ जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं, म्हणजे इथे फक्त उंबरठा ओलांडलाय. वर्षभरात एक मोठा अपडेट यायचा आणि जागा नाही म्हणून अडकायचा. ईएमएमसी म्हणजे साठवणुकीची स्वस्त चिप, ती बोर्डला सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही, खराब झाली तर सगळा बोर्डच. २५६ जीबीची खरी एसएसडी असलेला बघा, नाहीतर क्लास आणि गुगल डॉक्सच असेल तर क्रोमबुक (गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप) बघा, २०२१ पासून आलेल्या मॉडेल्सना १० वर्षं अपडेट मिळतात, फक्त ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजायचं, आपण घेतल्यापासून नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीला घरून सहा दुकानांचे हिशेब बघते. टॅली, जीएसटी रिटर्न, दोन क्लायंटचे डीएससी (डिजिटल सही) टोकन. भाचा म्हणतो मावशी लिनक्स टाक, फुकट आहे आणि व्हायरस येत नाहीत. दुकानदार म्हणतो विंडोज प्रो घ्या. कोणाचं ऐकू? (एक वाचक, डोंबिवली पूर्व)

उत्तर : ताई, भाच्याचं म्हणणं चुकीचं नाहीये पण ते त्याच्या कामासाठी बरोबर आहे. टॅली विंडोजसाठी बनतं, खटपटी करून लिनक्सवर उघडताही येईल, पण २० तारखेला रात्री ११ वाजता रिटर्न भरताना खटपट नको असते. डीएससी टोकनचंही तेच, त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टलची सही करणारी युटिलिटी विंडोजवर बिनबोभाट चालते. तुमच्यासाठी विंडोज ११ होम, विषय संपला. प्रोमध्ये जास्तीचं काय, तर बिटलॉकरचं (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) पूर्ण नियंत्रण, ऑफिसच्या डोमेनला जोडणं, आणि दुसरीकडून आपल्या मशीनवर विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने येणं. लागलंच तर होमवरून प्रोवर नंतर पैसे भरून जाता येतं.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं) असतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं. लॅपटॉप ट्रेनमध्ये राहिला तर क्लायंटचे आकडे कोणी वाचू शकणार नाही, म्हणून हे चांगलंच आहे. पण कधी बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डमधला प्रोग्राम) अपडेट झाला किंवा बोर्ड बदलला की सकाळी मशीन चालू करताच निळी स्क्रीन येते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, आणि अकाउंट जर दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर बनवलं असेल तर की त्याच्याकडे! माझ्या ओळखीच्या एका बाईंचं मार्च अखेरीला हेच झालं, दुकान बंद, फोन बंद, तीन वर्षांचा डेटा समोर आणि हात लावता येईना. तेव्हा लॅपटॉप पहिल्यांदा चालू कराल तो तुमच्याच ईमेलवर, आणि ते ४८ आकडे वहीत लिहून तिजोरीत ठेवा. सोबत ऑफिस आलं असेल तर तेही ज्या अकाउंटवर ॲक्टिव्हेट कराल त्याच्याशीच कायमचं बांधलं जातं आणि ते ठरावीक मुदतीतच करायचं असतं.

अजून एक, स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप सध्या छान बॅटरी देतात, पण त्यांचा प्रोसेसर एआरएम जातीचा, टोकनचा आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यासाठी वेगळा लागतो आणि पुष्कळदा नसतोच. तुम्ही इंटेल किंवा एएमडीच घ्या. एसएसडी ५१२ भरपूर झाली, टॅलीचा डेटा फार जागा खात नाही. पण एसएसडी जाताना हार्ड डिस्कसारखा टक टक आवाज करून आधी सांगत नाही, बहुतेक वेळा एका क्षणात जाते, म्हणून टॅलीचा बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर घ्याच.

प्रश्न : मी वसईला राहतो, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सेकंड इयर. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आहे, नवीन लॅपटॉपवर विंडोज ११. डुअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम) करायला गेलो तर इन्स्टॉलर आरएसटी (इंटेलची डिस्कची सेटिंग) बंद करा म्हणून अडला. बंद केलं तर विंडोज उडेल असं मित्र सांगतात. एसएसडी एकच आहे, ५१२. (एक विद्यार्थी, वसई)

उत्तर : मित्र बरोबर सांगतायत, सरळ बायोसमध्ये जाऊन बंद केलंस तर विंडोज बूट होणार नाही, कारण ते त्याच मोडमध्ये इन्स्टॉल झालंय. नव्या इंटेल मशीनमध्ये या सेटिंगला व्हीएमडी म्हणतात. रस्ता असा की आधी विंडोजला पुढचा बूट सेफ मोडमध्ये घ्यायला लावायचं, मग रीस्टार्ट करून बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं, सेफ मोडमध्ये विंडोज योग्य ड्रायव्हर उचलतं, मग सेफ मोड काढून टाकायचा. त्याच्याही आधी डेटाची कॉपी बाहेर, वर लिहिलेली ४८ आकडी की मोबाइलमध्ये फोटो काढून, आणि विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद. पार्टिशन लहान करायचं काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून कर. आणि डुअल बूट झाल्यावर दुपारी २ वाजता विंडोज सकाळचे ८:३० दाखवायला लागलं तर बॅटरी गेली समजू नकोस, लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ यूटीसी धरतं आणि विंडोज स्थानिक वेळ, आपला फरक साडेपाच तासांचा, तेवढंच मागे पडतं. लिनक्सला लोकल टाइम वापरायला सांगितलं की जुळतं.

पण मला विचारशील तर सेकंड इयरला याची गरजच नाही. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाक, एका कमांडमध्ये उबुंटू येतं, डब्ल्यूएसएल २ मध्ये खरा लिनक्स कर्नल चालतो, शेल स्क्रिप्ट, फोर्क, थ्रेड, सॉकेट, लॅबमधलं सगळं होतं आणि पार्टिशनला हात लागत नाही. पुढे कर्नल मॉड्यूल वगैरेत खरंच रस वाटला तर दुसऱ्या स्लॉटमध्ये वेगळी एसएसडी लावून त्यावर लिनक्स टाक, दोन सिस्टिम दोन ड्राइव्हवर म्हणजे एकाच्या अपडेटने दुसऱ्याचा बूटलोडर जात नाही. वेगळी एसएसडी ऑनलाइन घेतलीस तर आल्या आल्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये पॉवर ऑन अवर्स (ड्राइव्ह किती तास चाललाय) बघ, नव्या ड्राइव्हवर हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, त्याच दिवशी परत कर.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मुलुंडला असतो. २०१६ चा लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू व्हायला चहा होईपर्यंत वेळ लागतो. काम म्हणजे ईमेल, यूट्यूब, बँक, आणि मराठी लेखन, तेही इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, वीस वर्षांची सवय आहे. मुलगा म्हणतो नवीन घेऊ. खरंच गरज आहे का? (एक शिक्षक, मुलुंड)

उत्तर : सर, नाहीये. तुमचं मशीन विंडोज ११ च्या प्रोसेसरच्या अटीत बसत नाही हे खरं, आणि विंडोज १० ला जे वाढीव सिक्युरिटी अपडेट आहेत तेही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. पण तुमच्या कामात विंडोजवरच चालतं असं काहीच नाही, सगळं ब्राउझरमध्ये आणि लेखनात आहे. हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी बसवा, २५६ जीबी पुरे, जमलं तर रॅम ८ करा, आणि लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) टाका. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत आणि ते फुकट आहे. माझ्या सोसायटीतल्या एका आजोबांच्या २०१५ च्या मशीनला मी हेच केलं. मागचे सात-आठ स्क्रू, एक झाकण, डिस्क बाजूला सरकवून बाहेर, एसएसडी आत, त्याच ब्रॅकेटमध्ये, वीस मिनिटांचं काम. पूर्वी दोन-अडीच मिनिटं लागायची, आता आजोबा चष्मा पुसून घालेपर्यंत स्क्रीन येते. काढलेली जुनी हार्ड डिस्क टाकू नका, साध्या यूएसबी केसमध्ये घातली की तीच तुमची बॅकअप डिस्क, जुने फोटो, लेख सगळं तिच्यावर आहे तसं राहतं.

टायपिंगची काळजी करू नका. इनस्क्रिप्ट हा प्रमाणित लेआउट आहे, मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडलं की बोटं जिथे जायची तिथेच जातील, पाय मोडायला डी, ळ ला शिफ्ट आणि एन, क्ष ला शिफ्ट आणि ७. तरी सगळं बदलण्याआधी मुलाला मिंटचा पेनड्राइव्ह बनवायला सांगा आणि त्यावरून नुसतं चालवून बघा, त्यात हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. एक दिवस त्यावर लिहा, बँकेत लॉगिन करा, वायफाय, आवाज, आणि प्रिंटर असेल तर एक पान छापून बघा. जुने काही लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात, तुमचा त्यातला निघाला तर मला मॉडेल नंबर कळवा, एसएसडी घ्यायच्या आधी.